अक्काच्या तीन तारखा

जानेवारी 2025. सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती. विडी घरकुलात राहणारी एक बाई हातात घडी घातलेला कागद घेऊन विधी सेवा कार्यालयाच्या टेबलापाशी उभी होती. "ताई, माझ्यावर केस झाली. मी काय केली?"

कागद उघडून पाहिला तर ते साक्षीदाराचं समन्स होतं. केस तिच्यावर नव्हतीच. तिच्या गल्लीतल्या एका यंत्रमाग कामगारावर होती, आणि तिनं काय पाहिलं ते सांगायला कोर्टानं तिला बोलावलं होतं. हे समजावून सांगितल्यावर ती आणखीच घाबरली. केस असती तर वकील करता आला असता, असं काहीसं ती म्हणाली. तेव्हा मला ते हास्यास्पद वाटलं होतं.

मी विधी स्वयंसेवक आहे, वकील नाही. आम्हाला थोडं प्रशिक्षण आणि एक ओळखपत्र मिळतं. लोकांना योग्य टेबलापर्यंत पोचवणं हे आमचं मुख्य काम. हे प्रकरण लिहून ठेवायचं कारण असं, की साक्षीदाराला मिळू शकणाऱ्या बहुतेक सोयींची यात कधी ना कधी गरज पडली, आणि त्यातली एकही सोय आपण होऊन चालत आली नाही. बाईची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. न्यायालय कुठलं तेही सांगत नाही. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत, त्यातलं कुठलंही समजा. तिला मी अक्का म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

अक्काची पार्श्वभूमी थोडक्यात. वय पन्नाशीच्या पुढचं, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. घरी विड्या वळायच्या आणि ब्रँचला, म्हणजे कारखान्याच्या विड्या जमा करण्याच्या जागी, नेऊन द्यायच्या, हजार विड्यांवर मजुरी. घरातली भाषा तेलुगू. मराठी बाजारापुरती, कारखान्यापुरती. सोलापूरच्या पूर्व भागात अशी हजारो घरं आहेत, त्यामुळे यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. विशेष न वाटणं हाच पुढे घोटाळा झाला.

घटना 2022 च्या अखेरची. उसन्या पैशांवरून दोन शेजाऱ्यांत भांडण झालं, एकानं दुसऱ्याच्या डोक्यात लोखंडी गज घातला. जखमी वाचला. गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा, भारतीय दंड संहितेच्या कलम 307 खाली. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले, पण हा खटला त्याआधीपासून चालू असल्यानं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच पुढे चालला. पोलिसांनी अक्काचा जबाब त्याच आठवड्यात घेतला होता. मराठीत, अर्थातच. असा जबाब साक्षीदाराला सही करायला देत नाहीत, कायद्यातच तसं आहे. त्यामुळे आपल्या नावावर नेमकं काय लिहिलंय हे अक्काला अडीच वर्षं माहीत नव्हतं.

पहिली तारीख

पहिली चूक माझी. बाई आली, घाबरलेली होती, म्हणून मी सवयीनं मोफत वकिलाचा अर्ज काढला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. बालकं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतले लोक, औद्योगिक कामगार यांनाही नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. हे सगळं मला तोंडपाठ, म्हणून तेच मी वापरलं. पण सरकार पक्षाच्या साक्षीदाराला वकील लागत नाही. तिला बोलावणारा सरकारी वकीलच असतो. तिला काय लागतं हे मी विचारलंच नाही.

फॉर्म भरण्यात, आधारची झेरॉक्स काढण्यात पाऊण तास गेला. तेवढ्यात वर पुकार झाली. पट्टेवाल्यानं तीनदा नाव घेतलं, अक्का खाली झेरॉक्सच्या रांगेत. समन्स बजावूनही साक्षीदार गैरहजर, अशी नोंद झाली असती तर पुढच्या वेळी वॉरंट निघू शकलं असतं. पैरवी हवालदारानं, म्हणजे कोर्टातलं पोलिसांचं काम बघणाऱ्या हवालदारानं, मला जिन्यात गाठलं म्हणून निभावलं. धावत वर गेलो, तर बचाव पक्षाचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. मुदत.

इथे एक गोष्ट मला तेव्हा माहीत असायला हवी होती. साक्षीदार हजर असताना त्याला न तपासता काम तहकूब करायचं नाही, करायचं तर खास कारण लेखी नोंदवायचं, असं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 309 मध्ये आहे. वकील दुसऱ्या कोर्टात आहेत हे काही कारण मानलेलं नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम 346 आहे. सरकारी वकिलांना आठवण करून दिली असती तर त्यांनी निदान तसा अर्ज दिला असता. मी गप्प उभी राहिले. अक्काचा दिवस गेला, हजार विड्या गेल्या, येण्या-जाण्याची रिक्षा गेली.

त्याच दिवशी आणखी एक घडलं. खाली उतरताना मी लोकअभिरक्षक कार्यालयातल्या एका वकिलांशी दोन मिनिटं बोलले, दुसऱ्याच कामाचं. अक्कानं पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "तो त्याचा वकील ना? तुमच्यातलाच?"

ती म्हणत होती ते खरंच होतं. आरोपी यंत्रमागावर काम करणारा, त्याला खाजगी वकील परवडत नव्हता. त्यानं मोफत विधी साहाय्य मागितलं आणि त्याचा बचाव लोकअभिरक्षकांकडे गेला. आरोपींसाठी पूर्णवेळ बचाव वकील नेमण्याची ही पद्धत 2022 पासूनची. तो त्याचा हक्कच आहे, आणि मला विचाराल तर या दशकातली ती चांगली सुधारणा आहे. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरण एकच. त्याच्याच छत्राखाली आरोपीचा वकील, आणि त्याच्याच ओळखपत्रावर साक्षीदाराला हात देणारी मी. कागदावर यात विसंगती नाही. गल्लीत राहणाऱ्या बाईला मात्र हे एकाच घरातले दोन भाऊ वाटतात, आणि मी तिला कसं दोष देऊ? पुढचे दोन महिने तिनं माझा फोन उचलला नाही.

मधले दिवस

मार्चमध्ये ती आपण होऊन आली. एकटी नाही, ब्रँचमधली एक मैत्रीण सोबत. मैत्रीणच बोलत होती.

आरोपी जामिनावर. तोंडावर कुणी धमकी दिली नव्हती. पण नळावर आरोपीची आई अक्काची घागर आली की बाजूला व्हायची. "कोर्टात फार बोलू नये म्हणतात," असं एक जण येता-जाता म्हणून गेला. आणि ब्रँचला छाट वाढली. वळून नेलेल्या विड्यांतल्या चेकर वाईट म्हणून काढून टाकतो ती छाट, त्याचे पैसे मिळत नाहीत. चेकर आरोपीच्या नात्यातला निघाला. आता पानंच खराब आली होती की मुद्दाम छाट काढली जात होती? मैत्रीण म्हणाली मुद्दाम. अक्का म्हणाली, पानं पण खराबच होती. मला तिचा हा प्रामाणिकपणा पुढे साक्षीच्या वेळी आठवला.

अशा वेळी आठवते ती साक्षीदार संरक्षण योजना 2018. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2018 मध्ये महेंद्र चावला प्रकरणात तिला मान्यता दिली आणि संसदेचा किंवा राज्याचा कायदा होईपर्यंत तीच कायदा म्हणून पाळायची असं सांगितलं. जन्मठेपेच्या, मृत्युदंडाच्या आणि सात वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ती वापरता येते. धोक्याचे तीन वर्ग. जिवाला धोका तो अ वर्ग. सुरक्षितता, अब्रू, मालमत्तेला धोका तो ब. त्रास देणं, दडपण आणणं तो क. अर्ज जिल्ह्याच्या समितीकडे जातो. अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश, सोबत जिल्ह्याचे पोलीस प्रमुख आणि अभियोग पक्षाचे प्रमुख. पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा, तो आल्यावर समितीनं आणखी पाच दिवसांत निर्णय घ्यायचा.

मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. अक्कानं एकच विचारलं, "पोलीस गल्लीत येतील?"

येतील. धोक्याचा अहवाल घरबसल्या होत नाही.

"मग नको."

मी तिचं मन वळवायचा प्रयत्न केला नाही. यावर आमच्यात मतभेद झाले, माझ्या एका सहकाऱ्याच्या मते अर्ज करायलाच हवा होता. पण गणवेशातला माणूस दारात उभा राहिला की अख्ख्या गल्लीला कळतं, आणि तीन महिन्यांचं संरक्षण संपल्यावर राहायचं तर त्याच गल्लीत आहे. क वर्गातल्या दडपणाला योजनेचा पूर्ण गाडा लागेलच असं नाही. त्या योजनेतल्या बऱ्याच गोष्टी न्यायालयाला साध्या अर्जावरही करता येतात. साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येऊ नयेत, साक्षीच्या वेळी सोबतीला माणूस असावा, जाता-येता सोबत असावी. एवढंच मागायचं ठरलं.

याला आणखी एक आधार होता. असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी जबाब केंद्रं असावीत हा विषय सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून, महाराष्ट्र शासन विरुद्ध बंडू मधून, 2017 मध्ये पुढे आला. मग 11 जानेवारी 2022 च्या आदेशानं 'असुरक्षित साक्षीदार' या शब्दाची व्याप्ती वाढली. आधी आपण तो शब्द लहान मुलांपुरता समजत होतो. आता त्यात मानसिक आजार असलेले, बोलता-ऐकता न येणारे, अन्य अपंग, धमकीची भीती असलेले, आणि न्यायालयाला असुरक्षित वाटेल असा कुणीही साक्षीदार येतो. पन्नाशीतली विडी कामगार यात बसू शकते हे मलाही ते वाचेपर्यंत सुचलं नव्हतं.

दुसरी तारीख

एप्रिल. सोलापूरचा एप्रिल, त्याचं वर्णन नको. अक्काचे गुडघे धरलेले, कोर्टहॉल वरच्या मजल्यावर. बाकावर आरोपीचे नातेवाईक आधीच बसलेले, म्हणून ती तासभर जिन्याच्या वळणावर उभी राहिली. मी सरकारी वकिलांना तोंडी सांगितलं, बाईंना वेगळं बसवता आलं तर बघा. ते म्हणाले बघू. तोंडी सांगितलेलं रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या रोजच्या नोंदीत, येत नाही, हे मला पाच वर्षांत कळायला हवं होतं.

या वेळी पुकारा झाला तेव्हा ती दारात होती. पिंजऱ्यात गेली, शपथ घेतली. नाव, वय, धंदा. मग पहिला खरा प्रश्न. अक्कानं उत्तर सुरू केलं मराठीत, दुसऱ्या वाक्याला तेलुगूत गेली, परत मराठीत आली, आणि थांबली. न्यायाधीशांनी विचारलं, मराठी येतं ना? अक्का म्हणाली, येतं. सोलापुरात 'मराठी येत नाही' असं कोर्टात कोण म्हणेल? लाज वाटते. पण न्यायाधीशांच्या लक्षात आलं, त्यांनी दुभाषी हवा असं म्हटलं. त्या दिवशी दुभाषी नव्हता, कारण कुणी मागितलाच नव्हता. पुन्हा मुदत.

म्हणजे तीन महिन्यांत अक्कासाठी मी मोफत वकील मागितला, धोक्याचे वर्ग समजावले, आदेशांचे दाखले वाचले. घरात कोणती भाषा बोलता, एवढं विचारलं नाही. तिच्याशी माझं सगळं बोलणं मोडक्या मराठीत आणि मैत्रिणीच्या मदतीनं चाललं होतं, तरीही.

तिसऱ्या तारखेची तयारी

आता सगळं लेखी. सरकारी वकिलांमार्फत एकच अर्ज, त्यात चार मागण्या. तेलुगू दुभाषी, बसून साक्ष देण्याची परवानगी, पुकारा होईपर्यंत वेगळी बसायची जागा, आणि साक्षीच्या वेळी सोबत एक स्त्री. तारखेच्या दहा दिवस आधी दिला. बचाव पक्षानं हरकत घेतली नाही. लोकअभिरक्षकांचे ते वकील उलट म्हणाले, दुभाषी आम्हालाही हवा, नाहीतर उलटतपासात काय विचारलं ते तिला कळलंच नाही असं नंतर म्हणाल. हे अक्काला मी सांगितलं. ती थोडी सैल झाली.

तारीख आहे की नाही हे आता ई-कोर्ट्सच्या ॲपवर दिसतं. समन्सवरचा सोळा अक्षरी-आकडी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख येते, न्यायालयातल्या ई-सेवा केंद्रातही विचारता येतं. पण त्या दिवशी खरंच साक्ष होणार आहे का, न्यायाधीश रजेवर आहेत का, हे आदल्या संध्याकाळी पैरवी हवालदाराला फोन केल्यावरच नक्की कळतं. ॲपवर विसंबून कुणाचा दिवस बुडवू नये.

त्या सकाळी रिक्षात अक्कानं घटना सांगायला सुरुवात केली. मला तिला थांबवावं लागलं. हे मात्र सोबतीला जाणाऱ्या प्रत्येकानं पक्कं लक्षात ठेवायला हवं. साक्षीदाराशी साक्षीबद्दल बोलायचं नाही. पाणी द्यायचं, कोर्टहॉल रिकामा असताना दाखवायचा, न्यायाधीश कुठे बसतात, वकील कुठे उभे राहतात ते सांगायचं. 'कळलं नाही तर कळलं नाही म्हणा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा' एवढंच सांगायचं. त्यापुढे एक शब्द गेला की उलटतपासात पहिला प्रश्न येतो, तुम्हाला कुणी पढवलं? आणि मग सगळं पाण्यात. अक्काला राग आला. "बोलायला तर आले," म्हणाली. मी म्हटलं, आत बोला.

साक्ष

जूनमधला तो दिवस फार लांबला नाही. पुकारा होईपर्यंत तिला दुसऱ्या एका खोलीत बसवलं होतं. खुर्ची दिली, आणि ती न्यायाधीशांच्या बाजूनं थोडी तिरकी ठेवली. आरोपी तिचा आवाज ऐकू शकत होता, पण मान पूर्ण वळवल्याशिवाय ती त्याला दिसत नव्हती आणि तो तिला. साक्ष आरोपीच्या समक्ष व्हायला हवी, तो नियम पाळला गेला. खर्च शून्य. दुभाषी म्हणून प्रकरणाशी संबंध नसलेल्या, तेलुगू जाणणाऱ्या एका वकिलांना दोन्ही बाजूंच्या संमतीनं बोलावलं होतं. त्यांनी आधी स्वतः शपथ घेतली. खरं भाषांतर करण्याचं बंधन दुभाष्यावर कायद्यानंच असतं.

पोलिसांच्या जबाबात लिहिलं होतं, 'आरोपीने गजाने मारल्याचे मी पाहिले.' अक्का तेलुगूत बोलली ते असं, की ओरडणं ऐकलं, धप्प आवाज ऐकला, बाहेर आले तर हा गज हातात घेऊन उभा आणि तो खाली पडलेला. मारताना पाहिलं नाही.

सरकारी वकील एक क्षण थांबले. उलटतपासात बचावाचे वकील साहजिकच तिथेच आले. पोलिसांना 'पाहिलं' असं सांगितलंत की नाही? अक्का म्हणाली, "विन्नानु." ऐकलं. दुभाष्यांनी सांगितलं, साक्षीदार म्हणते मी ऐकलं म्हणाले होते, चूशानु म्हणजे पाहिलं असं म्हणाले नव्हते. मराठीत काय बोललात, असं विचारल्यावर ती म्हणाली, "कळलं मला, असं सांगितली होते. त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही." न्यायाधीशांनी मूळ तेलुगू शब्दही नोंदवून घेतला.

सरकार पक्षाला यानं फायदा झाला की तोटा, ते निकालात कळेल, आणि तो माझा विषय नाही. दुभाषी नसता तर मात्र पुढचं अगदी ठरल्यासारखं झालं असतं. अक्का जबाबाप्रमाणे 'पाहिलं' म्हणाली असती, उलटतपासात दरवाजा कुठे, गज कुठे, उजेड किती यात सापडली असती, आणि खोटी ठरली असती. किंवा 'नाही पाहिलं' म्हणाली असती आणि सरकार पक्षानं तिला फितूर जाहीर करायला मागितलं असतं. गल्लीत दोन्हींचा अर्थ एकच निघाला असता, पैसे खाल्ले.

शेवटी लिहून घेतलेली साक्ष तिला तेलुगूत वाचून दाखवली. नोंद वेगळ्या भाषेत असेल आणि साक्षीदाराला ती कळत नसेल तर तसं करणं बंधनकारक आहे, फक्त घाईच्या दिवशी ते उरकलं जातं. अक्कानं एका ठिकाणी थांबवलं. उजव्या हातात नाही, डाव्या. दुरुस्ती झाली. सही तिनं तेलुगू लिपीत केली, सावकाश.

भत्ता

बाहेर आल्यावर तिला घरी जायची घाई. मी तिला नाझरच्या, म्हणजे न्यायालयाच्या पैशांचं काम बघणाऱ्याच्या, टेबलाकडे नेलं. फौजदारी खटल्यात साक्षीदाराला येण्याजाण्याचा आणि हजेरीचा वाजवी खर्च सरकारकडून देण्याचा आदेश न्यायालय करू शकतं. जुन्या संहितेत कलम 312, नव्या संहितेत 350. दिवाणी दाव्यात तो खर्च ज्यानं साक्षीदार बोलावला त्या पक्षानं आधी भरायचा असतो. पण आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ साक्षीदारांना भत्ता नावाचं काही असतं हेच माहीत नसतं, ज्यांना माहीत असतं ते रांग पाहून निघून जातात. साक्ष झाली की त्याच वेळी बेंच क्लार्ककडे मागावा, समन्स दाखवावं. दुसऱ्या दिवशी ते काम पाचपट अवघड होतं.

अक्काला त्या दिवसाचा भत्ता मिळाला. नोटा तिनं दोनदा मोजल्या आणि पदराला गाठ मारली. मग बोटांवर हिशोब करायला लागली. जानेवारीचे हजार, एप्रिलचे हजार, आजचे हजार. "आजचं दिलं," म्हणाली. "बाकी दोन?"

बाकी दोन तारखांना ती हजर होती, पण तिची हजेरी कुणी लिहून घेतली नव्हती आणि भत्ता कुणी मागितला नव्हता. जानेवारीत तर मी तिला झेरॉक्सच्या रांगेत उभं केलं होतं. रोजनाम्याच्या नकला काढल्या. एप्रिलच्या दिवशी शपथ झाल्याची नोंद आहे, जानेवारीच्या दिवशी तिचं नाव नाही. दोन्ही दिवसांसाठी अर्ज लिहिला, जानेवारीसाठी पैरवी हवालदाराचं म्हणणं जोडलं. अक्कानं खाली तेलुगूत सही केली. त्या अर्जावर अजून शेरा पडलेला नाही.